घोडाजिऱ्याच्या मुलखात

मुलांनो, तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर स्वयंपाकघराच्या फळीवर, चहा-साखरेच्या डब्यांमागं एक पुडा हमखास असतो. त्यावर लिहिलेलं असतं, ‘सत इसबगोल’. रात्रीची जेवणं आटोपली की आजोबा त्यातली चमचाभर पांढुरकी भुशी पेल्यात टाकतात, वर भरपूर पाणी ओततात, ढवळतात आणि लगेच गटागटा पिऊन टाकतात. लगेच का? अहो, जरा गप्पा मारत बसले तर पेल्यातलं पाणी पाणी राहतच नाही. चमचा उभा राहील असा बुळबुळीत गोळा तयार होतो! तुमच्यापैकी काही जणांनी हा उद्योग मुद्दाम करून पाहिला असेल आणि आजीची बोलणीही खाल्ली असतील.

आता एक काम करा. तो पुडा उलटा करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. माल कुठं तयार झाला, त्या गावाचं नाव शोधा. पुष्कळदा तिथं सिद्धपूर नाहीतर उंझा असं नाव सापडेल. ही दोन्ही गावं उत्तर गुजरातेत आहेत, एकमेकांपासून जेमतेम बारा-पंधरा किलोमीटरवर. २०२३ च्या मार्चमध्ये, होळीच्या सुमारास मला तिकडं जायचा योग आला. माझी डी.एड.ची मैत्रीण लग्न होऊन मेहसाण्याला गेली आहे. तिच्या सासरच्या नात्यातल्या एका काकांची उंझ्याजवळ शेती आहे. “काय काय बघायचंय तुला?” असं तिनं फोनवर विचारलं. म्हटलं, “मला इसबगोलचं झाड बघायचंय.” ती हसायलाच लागली. “झाड कसलं गं! गुडघ्याएवढंसुद्धा नाही ते!”

मुंबईहून राजस्थानकडं जाणाऱ्या काही गाड्या अहमदाबादवरून मेहसाण्याला जातात. रात्री गाडीत बसलं की सकाळी तिकडं. अहमदाबाद मागं पडलं की खिडकीबाहेरचा रंग बदलतो. आपल्याकडची काळी माती इथं दिसत नाही. पिवळसर, भुसभुशीत, रेताड जमीन. बांधावर बोरी-बाभळी, मधूनच उंटगाडी, आणि एरंडाची शेतंच्या शेतं.

आणि हा मुलूख मराठी माणसाला तसा परका नाही बरं का! मेहसाणा, उंझा, सिद्धपूर, पाटण हा सगळा भाग पूर्वी गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला, ते सयाजीराव महाराज तुम्हाला माहीत असतील. त्यांनी १९०६ साली आपल्या साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मी प्राथमिक शाळेतली बाई, त्यामुळं मेहसाण्याच्या फलाटावर पाय ठेवताना मला महाराजांची आठवण झाली, ती तुम्हाला सांगून टाकली. पाटणची ‘राणी की वाव’ ही सुंदर विहीर इथून जवळच आहे. शंभर रुपयांची जांभळट नोट उलटी करून पाहा, तिच्यावर तिचंच चित्र आहे. पण आज आपल्याला विहीर बघायची नाही. आज रोप बघायचंय.

पहिल्यांदा मैत्रिणीनं मला उंझ्याच्या बाजारात नेलं. उंझ्याचा बाजार म्हणजे मसाल्याचा सागर! आपल्या फोडणीतलं जिरं, जेवणानंतरची बडीशेप, ही तिथं डोंगरांनी विकली जाते. आत शिरताच जिऱ्याचा वास असा नाकात भरतो की मला सलग पाच-सहा शिंका आल्या. हमाल हसून बघत होते. जिऱ्याच्या ढिगांच्या पलीकडं मात्र वेगळेच ढीग होते. फिकट गुलाबी, राखाडी, चकचकीत बारीक दाणे. वास काहीच नाही. मी मूठभर उचलले, तर बोटांच्या फटींतून पाण्यासारखे निसटून गेले. हातावर चार-पाच उरले, ते नीट पाहिले. प्रत्येक दाणा म्हणजे एक चिमुकली होडी! एका बाजूनं फुगीर, दुसऱ्या बाजूनं खोलगट. एका ग्रॅमच्या मापात असे पाचशेहून जास्त दाणे मावतात.

“हे आमचं घोडाजिरं,” मैत्रीण म्हणाली. गुजरातीत इसबगोलला घोडाजिरूं म्हणतात. दिसायला थोडंफार जिऱ्यासारखं, पण जिरं नव्हे. मग घोडा कुठून आला? फारसी भाषेत ‘अस्प’ म्हणजे घोडा. इसबगोल हे नाव मूळच्या फारसी नावावरून आलं आणि त्याचा अर्थ ‘घोड्याचा कान’ असा सांगतात. दाण्याचा आकार पाहिलात तर पटेल. म्हणजे इराणातल्या माणसालाही त्यात घोडा दिसला आणि गुजरातच्या शेतकऱ्यालाही!

दुपारी सिद्धपूरला एका गिरणीत गेलो. तिथं ही होडी सोलली जाते. दाण्याच्या अंगावर एक अगदी पातळ, पारदर्शक साल असते. दाणे हलक्या जात्यातून काढतात. हलक्या म्हणजे दाणा फुटू नये, नुसती साल सुटावी इतक्याच दाबानं. मग पंख्याचा वारा देतात. साल उडून एका बाजूला, दाणा दुसऱ्या बाजूला. आपल्या आज्या सुपानं पाखडायच्या तेच हे, फक्त यंत्रानं. एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं. चार किलो दाण्यांतून साधारण एक किलो साल निघते. तीच आजोबांची भुशी. राहिलेला लालसर भाग गुरांच्या खाद्यात जातो. गिरणीत सगळीकडं पांढरी धूळ तरंगत होती. कामगारांनी नाकाला फडकी गुंडाळली होती. ही धूळ रोज छातीत गेली तर दम्याचा त्रास होऊ शकतो. पुड्यावरच्या किमतीत ही गोष्ट लिहिलेली नसते, म्हणून सांगितली.

इसबगोल पिकवण्यात आणि परदेशी पाठवण्यात भारताचा पहिला नंबर आहे. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. आणि त्यातला बराचसा माल या दोन गावांतून जातो.

संध्याकाळी आम्ही काकांच्या शेतावर पोचलो. एका बाजूला जिरं, एका बाजूला घोडाजिरं. आता नीट लक्ष द्या हं, कारण रोप कसं ओळखायचं ते इथं कळेल. जिऱ्याची पानं दोऱ्यासारखी बारीक आणि चुरगळली की वास येतो. घोडाजिऱ्याला वास नाही. लांबून बघाल तर म्हणाल, हे तर गवत! पानं लांब, अरुंद, टोकदार. पण जवळ बसून बघा. गवताला कांड्या असतात, याला तसा खोडाचा पत्ताच नसतो. सगळी पानं जमिनीलगत एकाच जागेतून निघाल्यासारखी, कारंज्यासारखी गोल पसरलेली. पानावरून बोट फिरवलं तर मऊ लव लागते. पानाच्या शिरा झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत नाहीत. देठाकडून निघतात आणि शेजारी शेजारी धावत टोकाला पोचतात.

या पानांच्या मधून सरळ दांड्या वर येतात. एकेका दांडीच्या टोकाला एकेक तुरा. बाजरीचं कणीस कुणीतरी जादूनं बोटाच्या पेराएवढं केलं तर जसं दिसेल तसा. त्यावर गच्च फुलं. पण फूल म्हणून तुम्ही जे शोधाल ते तिथं नसेल. रंग नाही, वास नाही, मध नाही. कागदासारख्या चार पातळ पाकळ्या, बस्स. कारण या फुलाला माशी-फुलपाखराला बोलवायचंच नसतं. त्याचं काम वारा करतो. लांब तंतूंवर लोंबणारे परागकोश वाऱ्यानं हलतात आणि पराग उडतात. तुरा खालून वर फुलत जातो.

काकांची नात आमच्याबरोबर होती. सहावीत आहे. मी तुऱ्याला हात लावायला गेले तशी ती ओरडली, “बेन, हात ना लगाडता!” मी दचकलेच. मग तिनं स्वतःच, अगदी अलगद, एक पिवळट तपकिरी तुरा दोन बोटांत धरून किंचित दाबला. टप्कन दोन दाणे तिच्या तळहातावर पडले. “झालं तयार,” ती म्हणाली. शेतकऱ्यांची हीच परीक्षा. तुरा हलकेच दाबल्यावर एक-दोन दाणे सुटले की पीक काढायला आलं.

तिनं मला भिंगाशिवाय दिसणार नाही अशी एक गंमतही दाखवली. माझ्या पिशवीत भिंग असतंच, शाळेची सवय! तुऱ्यात प्रत्येक फुलाच्या जागी एक चिमुकलं बोंड असतं. ते उभं चिरत नाही. त्याला मधोमध आडवी रेघ असते आणि वरचा अर्धा भाग डबीच्या झाकणासारखा निघून येतो. आत दोन होड्या.

या रोपाचं शास्त्रीय नाव आहे प्लँटॅगो ओव्हाटा. ओव्हाटा म्हणजे अंड्याच्या आकाराचा, तो तुऱ्यामुळं. प्लँटॅगो हे नाव लॅटिन भाषेतल्या पायाच्या तळव्यावरून आलं आहे, कारण याच्या एका भावाची पानं तशी रुंद आणि जमिनीला चिकटलेली असतात. इंग्रजीत या घराण्याला प्लँटेन म्हणतात. शब्दकोशात बघायला जाल तर फसाल बरं का! प्लँटेन म्हणजे एक प्रकारचं केळंसुद्धा. केळीचा आणि याचा काडीचाही संबंध नाही. तो रुंद पानांचा भाऊ काश्मीर-हिमाचलात वाटेच्या कडेला उगवतो. युरोपातले लोक अमेरिकेत गेले तेव्हा त्यांच्याबरोबर तो तिथंही पोचला. गोरे जातील तिथं तो उगवायला लागला, म्हणून तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याचं नाव ‘गोऱ्या माणसाचं पाऊल’ असं ठेवलं म्हणतात. जपानात मुलं त्याच्या दांड्या एकमेकींत अडकवून ओढतात. ज्याची तुटेल तो हरला. आपण गुलमोहराच्या केसरांची झुंज खेळतो ना, अगदी तस्सं!

ओव्हाटा हे नाव देणाऱ्या माणसाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्याचं नाव पीटर फोर्स्कोल. वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसचा हा शिष्य. १७६१ साली डेन्मार्कच्या राजानं इजिप्त आणि अरबस्तानच्या अभ्यासाला एक तुकडी पाठवली, तिच्यात तो होता. वाळवंटात हिंडून त्यानं रोपं गोळा केली, टिपणं लिहिली आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापानं तो वारला. तिशीच्या आसपासच होता. त्याचे सोबतीही एकेक करून गेले. शेवटी कार्स्टन नीबूर नावाचा एकटाच उरला. आणि हा नीबूर कुठं आला माहीत आहे? आपल्या मुंबईला! १७६३ च्या सप्टेंबरात तो आला आणि वर्षाहून जास्त राहिला. घारापुरीची लेणी त्यानं मोजली, त्यांची चित्रं काढली. मग एकटा इराण-इराकमार्गे मायदेशी गेला आणि १७७५ मध्ये त्यानं मेलेल्या मित्राची टिपणं पुस्तक करून छापली. आपलं घोडाजिरं त्या पुस्तकात आहे. नीबूरनं तेवढे कष्ट घेतले नसते तर फोर्स्कोलनं दिलेली नावं त्याच्याबरोबरच गेली असती.

फोर्स्कोलला हे रोप वाळवंटातच भेटायचं होतं, कारण ते मूळचं रानातलं. इजिप्त, अरबस्तान, इराणपासून आपल्या वायव्य भारतापर्यंत, कोरड्या रेताड मुलखात ते आपलं आपण उगवतं. आता विचार करा, वाळवंटात पाऊस पडतो केव्हा? क्वचित. पडला तरी थोडासा. जमीन दोन दिवसांत पुन्हा कोरडी. मग एवढ्याशा दाण्यानं रुजायचं कसं? त्यासाठीच ती साल! पाण्याचा थेंब लागला की ती फुगते आणि दाण्याभोवती चिकट रस धरून ठेवते. चांगल्या प्रतीची एक ग्रॅम भुशी पाण्यात फुगून चाळीस मिलिलिटर जागा व्यापते. त्या चिकट रसामुळं दाणा वाळूला घट्ट चिकटतो. वाऱ्यानं उडत नाही, मुंग्यांना सहज ओढून नेता येत नाही, आणि भोवतीची ओल त्याला पुरते. आपले अळीव आणि फालुद्यातला सब्जा हीच युक्ती करतात. तुम्ही पेल्यात जो गोळा पाहिलात ना, ती खरं तर वाळवंटातल्या एका बाळाची पाण्याची शिदोरी आहे.

पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. ओल लागली की झाकण उघडायचं, दाणे जमिनीवर टाकायचे, चिकटून बसायचं, हा रोपाचा बेत. आणि काकांचा बेत? दाणे तुऱ्यातच राहावेत, कोरडे राहावेत, पोत्यात जावेत. दोन्ही बेत कसे जमायचे?

म्हणून काकांच्या घरी सकाळी कुणी घाईनं शेतात जात नाही. आपल्याकडं कापणी म्हटली की पहाटे निघतात. इथं दहा वाजेपर्यंत थांबतात. दवाला गुजरातीत झाकळ म्हणतात. झाकळ पुरतं वाळल्याशिवाय विळा लावायचा नाही, ओल्या तुऱ्याला धक्का लागला की दाणे गळून पडतात. काकांनी अर्धं शेत कापून एका बाजूला ढीग लावला होता. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी कापायचं होतं.

रात्री जेवताना मैत्रिणीनं हळूच आकाशाकडं बोट केलं. चांदणं गेलं होतं. पश्चिमेला वीज लवली. काका काही बोलले नाहीत, ताटावरून उठले. “मावठूं,” नात मला म्हणाली. मावठूं म्हणजे आपला अवकाळी. त्या मार्चमध्ये गुजरातेत ठिकठिकाणी असा पाऊस झाला. काका, त्यांचा मुलगा, सून, आम्ही दोघी, सगळे बॅटऱ्या घेऊन शेतात. कापलेल्या ढिगावर दोन ताडपत्र्या टाकल्या, कडांवर दगड ठेवले. उभ्या पिकाचं काय? मी विचारलं. काकांनी नुसता हात हलवला. अंधारात कापणार कसं, आणि हवा तर आधीच दमट झालेली. आम्ही ओसरीवर बसून राहिलो. कुणीच आत गेलं नाही.

पहाटे साडेतीनच्या सुमारास पडला. मोठा नाहीच. तुमच्या शाळेच्या मैदानावरची धूळसुद्धा नीट बसणार नाही एवढा. दहा मिनिटं असेल, नसेल. जिऱ्यासाठीही वाईटच, पण घोडाजिऱ्यासाठी तो पुरेसा होता.

उजाडल्यावर आम्ही गेलो. लांबून शेत कालच्यासारखंच दिसत होतं, तुरे उभे. जवळ जाऊन वाकून पाहिलं. रोपांखालची माती चमकत होती. भिजवलेले अळीव सांडावेत तसे बुळबुळीत ठिपके सगळीकडं. एक दाणा उचलायला गेले तर बरोबर मातीही आली. ते वेचता येत नाहीत, झाडता येत नाहीत, धुता तर मुळीच येत नाहीत. तुऱ्यात राहिले होते त्या दाण्यांचीही सालच ओली होऊन गेली होती, आणि भाव सालीला असतो. काकांनी चार-पाच तुरे दाबून पाहिले आणि धोतराला हात पुसले. “अडधूं गयूं,” एवढंच म्हणाले. अर्धं गेलं. मग ढिगाकडं जाऊन ताडपत्रीखाली हात घालून पाहिला. आत कोरडं होतं. तिथं ते बराच वेळ उभे राहिले.

चार महिन्यांचं काम होतं ते. नोव्हेंबरात पेरलेलं. पेरतात तेसुद्धा किती जपून! दाणा एवढा बारीक की मुठीत धरून फेकला तर एकाच जागी पडेल, म्हणून त्यात वाळू मिसळून फेकतात. मग नांगर नाही की कुळव नाही, चक्क झाडू फिरवतात! तोही एकाच दिशेनं, म्हणजे दाण्यावर मातीचा नुसता पदर येतो. खोल गेला तर उगवत नाही. पाणीही संथ सोडायचं, नाहीतर सगळं बी वाहून एका कडेला जमा होतं.

नात मात्र गप्प बसली नव्हती. तिनं फुटक्या माठाच्या तळात ती चमकती माती खरवडून घेतली. मी म्हटलं, “आता लावणार?” तर म्हणाली, “आता कसं? उन्हाळा आला ना! वाळवून ठेवणार. दिवाळीनंतर.”

तुम्हीही दिवाळीनंतरच लावा. पुड्यातली भुशी पेरू नका हं, ती नुसती साल आहे, उगवणार नाही! काष्ठौषधींच्या दुकानात ‘इसबगोल बी’ म्हणून अख्खे दाणे मिळतात, ते आणा. जुनं बी उगवत नाही, म्हणून आधी दहा दाणे ओल्या फडक्यावर ठेवून परीक्षा घ्या. एक पसरट कुंडी किंवा फुटकं घमेलं घ्या, तळाला भोकं हवीत. दोन भाग माती, एक भाग वाळू. वाळू जास्त झाली तरी चालेल, पाणी साचून राहिलेलं मात्र त्याला मुळीच खपत नाही. चिमूटभर बी मूठभर वाळूत मिसळून भुरभुरा आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं एकाच दिशेनं हलकेच झाडा. हा तुमचा झाडू! पाणी झारीनंच घाला. आठवडाभरात गवतासारखे कोंब येतील. घरातलं कुणीतरी तण समजून उपटण्याआधी कुंडीवर चिठ्ठी लावा. दाटी झाली तर चार-चार बोटांवर एक ठेवून बाकीची काढा. भरपूर ऊन द्या. दोन महिन्यांनी तुरे दिसतील. रोज सकाळी भिंगातून बघा आणि वहीत लिहा, कितव्या दिवशी तुऱ्यातून पांढरट केस बाहेर आले आणि कितव्या दिवशी परागकोश. दोन्ही एकाच दिवशी येत नाहीत, असं का ते वर्गात बाईंना विचारा. मुंबई-कोकणातल्या मुलांनी तुरे पिकायला लागले की कुंडी रात्री छपराखाली घ्यावी, तिकडं दव फार.

एक महत्त्वाचं. आपण पिकवलेले दाणे किंवा घरातली भुशी गंमत म्हणून कोरडी तोंडात टाकू नका. ती घशातच फुगते आणि गुदमरायला होतं. आजोबा भरपूर पाणी घेतात ते उगीच नाही. आणि खायचं ते मोठ्या माणसांना विचारूनच. शेताच्या कडेला असं दिसणारं रोप सापडलं तर पानाच्या शिरा, तुरा आणि बोंडाचं झाकण, तिन्ही तपासा, चित्र काढा, पण चाखून बघू नका.

मार्चच्या सुमारास पानं पिवळी पडतील. मग ती दोन बोटांची परीक्षा करा आणि सकाळी दहानंतरच दांड्या कापा. एक रोप मात्र तसंच उभं ठेवा. एके दिवशी त्याच्याखाली पांढरा कागद सरकवा, झारीनं वरून अगदी थोडं पाणी शिंपडा, पावसासारखं, आणि भिंग घेऊन बसा.